दर पावसाळ्यात भिंतीवर बुरशी परत येते? रंगाचा डबा उघडण्याआधी एवढं तपासा

तक्रार सगळ्यांची एकाच साच्यातली असते. गेल्या वर्षी गणपतीच्या आधी भिंत घासली, पुट्टी भरली, पेंटरने सांगितला तो अँटी-फंगल रंगही मारला, आणि यंदा श्रावण संपायच्या आत त्याच कोपऱ्यात काळे ठिपके हजर. मी ठाण्यात आणि नवी मुंबईत इमारतींच्या रिपेअरिंगच्या कामांवर देखरेख करते. जून लागला की फोन सुरू होतात ते थेट नवरात्रापर्यंत. घोडबंदर रोडच्या टॉवरमधला नवा कोरा फ्लॅट असो नाहीतर वाशीतलं सिडकोचं जुनं घर, पहिला प्रश्न ठरलेला: "कुठला रंग मारू म्हणजे परत येणार नाही?"

असा रंग नाही. बुरशीचे बीजाणू हवेत कायम असतात, घरात आणि बाहेरही, ते संपवणं कुणाच्या हातात नाही. खायला त्यांना भिंतीवरची धूळ, रंगातला चिकट अंश, प्लायवूड, कागद, कापड, कातडं, काहीही चालतं. तापमान २० ते ३० अंश मानवतं, म्हणजे आपलं घर जवळजवळ बारा महिने. उरलं पाणी, आणि आपल्याला तोडता येते ती फक्त तीच एक रसद. ओली झालेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर बहुतेक वेळा बुरशी धरत नाही. तुमची भिंत वाळत का नाही, एवढंच शोधायचंय.

आधी ती बुरशीच आहे का ते बघा

बोलावतात बुरशीसाठी आणि निघतं भलतंच, हे नेहमीचं आहे.

भिंतीच्या खालच्या हातभर पट्ट्यात पांढरी भुकटी, रंगाचे पोपडे सुटलेले, बोटाने चोळलं तर चुरा होणारा थर: हा लोणा. विटा आणि सिमेंटमधले क्षार पाण्याबरोबर पृष्ठभागावर आले आणि पाणी उडून गेल्यावर मागे राहिले. त्यावर पाण्याचे दोन थेंब टाका, विरघळतो. बुरशी विरघळत नाही, ती बोटाला काळपट-हिरवट फासली जाते. लोण्यावर बुरशीचं औषध मारणं म्हणजे पैसे गटारात, पण लोणा दिसला याचा अर्थ भिंतीच्या पोटातून पाणी फिरतंय हे मात्र नक्की.

बाथरूमच्या कोपऱ्यात, शॉवरच्या पडद्याच्या खालच्या कडेला गुलाबी बुळबुळीत थर येतो तो बहुतेक वेळा बॅक्टेरियाचा असतो, सेराशिया नावाच्या. साबणाच्या अंशावर वाढतो. घासा, धुवा, कोरडं ठेवा, विषय संपला. गच्चीवर आणि बाहेरच्या भिंतीवर हिरवं असतं ते शेवाळ.

आणि देवघराच्या वरचा काळा डाग! यासाठी मला दोनदा बोलावणं आलंय. ती उदबत्ती-निरांजनाची काजळी होती. शंका असेल तर कापसाच्या बोळ्याने ब्लीचचा एक थेंब डागावर लावा. एक-दोन मिनिटांत डाग फिका पडला तर बुरशी, जसाच्या तसा राहिला तर काजळी किंवा मळ.

कुठली बुरशी, आणि घाबरायचं किती

२०२१ मध्ये म्युकरमायकोसिसला सगळीकडे "काळी बुरशी" म्हणू लागले, तेव्हापासून भिंतीवर काळा ठिपका दिसला की लोकांच्या पोटात गोळा येतो. त्या आजाराचा भिंतीवरच्या काळ्या ठिपक्यांशी संबंध नाही. तो म्युकर, रायझोपस या कुळातल्या बुरशींमुळे होतो, आणि त्यात काळी पडते ती रोग्याची मेलेली ऊती. रायझोपस तुम्ही पाहिलेला असतो: पावसाळ्यात विसरून राहिलेल्या पावावर पांढरा कापूस वाढतो आणि त्यावर टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात, तोच. निरोगी माणसाला त्यापासून तो आजार सहसा होत नाही. अनियंत्रित मधुमेह, स्टेरॉइड्स, क्षीण झालेली प्रतिकारशक्ती यांनी तेव्हा घात केला.

आपल्याकडे भिंतीवर आणि खिडकीच्या चौकटीभोवती दिसणारे गडद हिरवट-काळे ठिपके बऱ्याचदा क्लॅडोस्पोरियमचे असतात. कपाटातल्या चपला, पट्टे, पर्स, पुस्तकांच्या बांधणीवर पांढरट-हिरवट भुकटी धरते ती सहसा अ‍ॅस्परजिलसच्या कोरडेपणा सोसणाऱ्या जाती. यांना वाहतं पाणी लागत नाही, दमट हवा पुरते. कांद्याच्या सालाखाली काळी पावडर निघते तोही अ‍ॅस्परजिलसच, नायजर. लिंबा-संत्र्यावरचा निळा-हिरवा थर पेनिसिलियमचा. याच कुळातल्या एका बुरशीने १९२८ मध्ये लंडनला अलेक्झांडर फ्लेमिंगच्या बशीतले जंतू मारले, आणि पुढे १९५४ मध्ये पिंपरीला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना उभा राहिला. म्हणजे सगळ्या जातीला शिव्या देण्यात अर्थ नाही.

इंटरनेटवर ज्या "विषारी काळ्या बुरशी"चे फोटो फिरतात ती स्टॅकिबोट्रिस. तिला सतत ओला राहणारा कागद किंवा लाकडाचा लगदा लागतो, म्हणून ती जिप्सम बोर्डाच्या पार्टिशनवर आणि वॉलपेपरच्या मागे सापडते. साध्या सिमेंट प्लास्टरवर तिचं फारसं जमत नाही. तिची दहशत १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या क्लीव्हलंडमधल्या बाळांच्या आजारपणावरून पसरली, पण तो संबंध सिद्ध झालेला नाही असं तिथल्याच सीडीसीने (सरकारी रोगनियंत्रण संस्थेने) २००० साली जाहीर केलं. रंगावरून जात ओळखता येत नाही, काळ्या बुरशी ढिगाने आहेत. भिंत खरवडून लॅबला पाठवणारेही भेटतात. नका पाठवू. जागतिक आरोग्य संघटनेची २००९ ची मार्गदर्शक सूचनाही इतके बीजाणू चालतील, तितके नाही, असा आकडा देत नाही. ओल आणि बुरशी दोन्ही घरातून काढा एवढंच सांगते. नाव काहीही निघालं तरी करायचं काम तेच.

मात्र घरात दम्याचा रुग्ण, तान्हं मूल किंवा केमो-स्टेरॉइड्स चालू असलेलं कुणी असेल तर पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू नका. दमा असलेल्या काहींना अ‍ॅस्परजिलसची फुप्फुसात अ‍ॅलर्जी होते. औषधं चालू असूनही खोकला आणि दम हटत नसेल तर डॉक्टरांना घरातल्या ओलीबद्दल आवर्जून सांगा. ते आपण होऊन विचारतीलच असं नाही.

जाता जाता: कानाला बरं वाटतं म्हणून मीही मध्यंतरी "मोल्ड" म्हणू लागले होते. वागळे इस्टेटमधल्या एका प्लास्टिकवाल्याला फोनवर विचारलं, मोल्ड नक्की कुठे आहे? तो म्हणाला, मशीनवर चढवलाय. त्याच्या धंद्यात मोल्ड म्हणजे साचा. तेव्हापासून बुरशीच म्हणते.

ओल कधी येते? सगळी मेख इथे

मी भिंतीकडे बघण्याआधी घरच्यांना महिने विचारते. फक्त पावसात ओलं होतं आणि डिसेंबरपर्यंत सुकतं? पाणी बाहेरून येतंय. बारा महिने, मे महिन्यातसुद्धा भिंत गार आणि दमट? नळ, पाइप किंवा वरच्या घराचं बाथरूम. पावसाचा थेंब आत येत नाही, प्लंबिंग ठीक आहे, तरी बुरशी? मग हवेतलं पाणी गार भिंतीवर बसतंय. तीन आजार, तिन्हींचं औषध वेगळं, आणि लोक तिन्हींवर एकच रंग मारतात.

*बाहेरून येणारं पाणी.* आपला पाऊस नैऋत्येकडून झोडपतो, म्हणून दक्षिण आणि पश्चिमेच्या भिंती आधी बघा. बाहेरच्या प्लास्टरला केसासारख्या भेगा, खिडकीच्या चौकटीभोवतीचं सुटलेलं सीलंट, छज्जाच्या वर साचणारं पाणी, पाइपच्या ब्रॅकेटजवळ उगवलेलं पिंपळाचं रोप. पिंपळ नुसता वरून छाटला तर पुढच्या वर्षी दुप्पट जोमाने येतो. मूळ काढून भेग भरावी लागते.

दोन जागा मात्र अशा आहेत ज्या नवीन टॉवरमध्येही हटकून सापडतात आणि ज्यांच्याकडे कुणी बघत नाही. पहिली, स्लायडिंग खिडकीचा खालचा ट्रॅक. त्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीला बाहेरच्या बाजूने बारीक आडवी भोकं असतात, ट्रॅकमध्ये पडलेलं पाणी बाहेर जाण्यासाठी. घोडबंदर रोडला मेट्रोची आणि बांधकामांची धूळ किती उडते ते सांगायला नको. ती धूळ, कबुतराची पिसं आणि पहिला पाऊस यांचा चिखल होऊन भोकं बुजतात. मग ट्रॅक पन्हाळीसारखा भरतो आणि पाणी आतल्या बाजूने मार्बलच्या पट्टीखाली उतरतं. खिडकीखाली मधोमध ओलीचा पट्टा दिसतो, लोक बिल्डरला शिव्या घालतात. मे महिन्यात जुना टूथब्रश आणि एक तार घ्या, भोकं मोकळी करा, ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओतून ते बाहेर जातंय का बघा. फुकटचा उपाय आहे.

दुसरी जागा एसीचं भोक. कॉपर पाइप बाहेर नेण्यासाठी भिंतीत कोअर कटिंग करतात. त्याचा उतार बाहेरच्या बाजूला हवा. घाईत कारागीर आतून सरळ किंवा उलटाच मारतो, बाहेरून तोंड नीट बुजवत नाही, आणि पाऊस पाइपच्या काळ्या इन्सुलेशनवरून पाघळत आत येतो. एसीच्या इनडोअर युनिटखाली बुरशीची पिवळी-काळी जीभ लोंबत असेल तर आधी हे बघा. नंतर ड्रेन पाइप तुंबलाय का ते.

*बारा महिन्यांची ओल.* रात्री घरातले सगळे नळ बंद करा, मीटर असेल तर आकडा लिहून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. वापर नसताना आकडा हलला तर आत कुठेतरी पाइप गळतोय. वरच्या बाथरूमवर संशय असेल तर नहाणी ट्रॅप (पाणी जायचं जाळीचं तोंड) बुजवून तिथे दोन इंच पाणी २४ ते ४८ तास उभं ठेवायचं, थोडा रंग टाकून. खाली रंगीत ओल उतरली की वाद मिटतो. निदान मिटायला हवा.

*हवेतलं पाणी.* हा प्रकार मी गेल्या काही वर्षांत सर्वात जास्त पाहते आणि यातच लोकांचे सर्वात जास्त पैसे वाया जातात, कारण वॉटरप्रूफिंगवाले येऊन बाहेरची भिंत करून जातात आणि आत काहीच बदलत नाही.

खारघरच्या एका घरातलं सांगते. मुलाच्या खोलीतलं कपाट, मागच्या प्लायवर हिरवट लव, कपड्यांना कुबट वास. ती भिंत बाहेरची नव्हती, वर-खाली बाथरूम नव्हतं. दोनदा कपाट काढून रंग झाला होता. भिंतीपलीकडे आई-वडिलांची बेडरूम, तिथे एसी रात्रभर १८ वर. पावसाळ्यात ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल तर सुमारे २६ अंशांच्या खाली असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर त्या हवेतलं पाणी सुटतं. इथे सामाईक भिंत एसीने गार केलेली, आणि अलीकडच्या बाजूला कपाट चिकटवून लावल्यामुळे खोलीची उबदार हवा भिंतीला लागत नव्हती. भिंत आणखी गार राहत होती. दमट हवा मात्र फटीतून जातच होती. कपाटामागे भिंतीला घाम फुटत होता, रोज रात्री, कुणाला न दिसता.

खात्री करायची तर असं करा. संशयित जागेवर हातभर लांबीरुंदीचा स्वयंपाकघरातला फॉइल चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. फॉइलच्या मागे पाणी दिसलं तर ओल भिंतीतून येतेय. पुढच्या, खोलीकडच्या बाजूवर दव धरलं तर ते हवेतलं पाणी. सोबत काही शे रुपयांचं हायग्रोमीटर, म्हणजे आर्द्रता मोजायचं यंत्र घ्या, कपाटात ठेवा. आकडा दिवसेंदिवस ७०-७५ टक्क्यांच्या वर राहत असेल तर चपलांना भुकटी धरणारच.

खारघरला केलं ते एवढंच: एसी २५ वर (नव्या एसीला २०२० पासून २४ अंशांची सेटिंग मुळातच असते, ती उगाच खाली ओढू नका), कपाट भिंतीपासून तीन इंच पुढे, मागचा बुरसटलेला प्लाय बदलला, आणि धुणं त्या खोलीत वाळत घालणं बंद. एका बादलीच्या धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं हे कुणी मोजत नाही. कपडे वाळवायचेच असतील तर एकाच खोलीत, दार लावून, पंखा आणि एक्झॉस्ट चालू ठेवून. ऐपत असेल तर डीह्युमिडिफायर, म्हणजे हवेतलं पाणी ओढून घेणारं यंत्र.

इथे घराघरात एक गैरसमज आहे: "हवा खेळू दे, खिडक्या उघडा." ऑक्टोबरनंतर अगदी बरोबर. जुलैत बाहेरचीच हवा पाण्याने भरलेली असते. एसी चालू असलेल्या किंवा नुकत्याच बंद केलेल्या खोलीची खिडकी तेव्हा उघडली की आपण स्वतः पाणी आत बोलावतो. स्वयंपाकघर आणि बाथरूमची वाफ मात्र एक्झॉस्टने बाहेर काढायलाच हवी.

कापूर, कडुलिंबाचा पाला, डांबराच्या गोळ्या: वास छान, गोळ्यांनी कसरही दूर राहते, ओल कशानेही कमी होत नाही. कपाटात कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतात, पण खाली साचलेलं पाणी वेळेवर ओता, कपड्यांवर सांडलं तर डाग पडतात. कॅमेरा आणि लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत, ४०-५० टक्के आर्द्रतेत.

साफ करताना

कोरडी बुरशी झाडूने किंवा घासकागदाने खरवडू नका, बीजाणू घरभर उडतात. पंखा बंद, एन-९५ मास्क, हातमोजे, आधी जागा ओली करा, मग साबणाच्या पाण्याने स्पंजने पुसा आणि तो स्पंज फेकून द्या. टाइल्स आणि ग्राउटवर पातळ ब्लीच चालतं. प्लास्टरवर ब्लीचने वरचा डाग उडतो, पण त्यातलं पाणी आत मुरतं आणि आतली बुरशी खूश होते. पोपडे सुटलेली पुट्टी प्लास्टरपर्यंत काढूनच टाका. ठोकून पोकळ वाजलं तर प्लास्टरही. ओला होऊन फुगलेला पीओपी आणि आतून बुरसटलेला प्लाय वाचवायच्या नादी लागू नका. साधारण तीन बाय तीन फुटांपेक्षा मोठा भाग असेल तर घरच्या घरी करू नका.

एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचा: ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर, अ‍ॅसिड, व्हिनेगर किंवा अमोनियाचं काहीही मिसळायचं नाही. बंद बाथरूममध्ये त्यातून निघणारा विषारी वायू जिवावर बेतू शकतो.

स्वयंपाकघराच्या ओल्या भिंतीलगत शेंगदाणे, सुक्या मिरच्या, मका ठेवू नका. त्यांवर वाढणाऱ्या काही अ‍ॅस्परजिलसमधून अफ्लाटॉक्सिन तयार होतं आणि ते भाजल्यानेही पूर्ण जात नाही. कडू लागलेला दाणा थुंकून टाका, उरलेले निवडत बसू नका, फेका.

रंग कधी

गणपतीआधी रंग काढायची आपली हौस मला समजते, माझ्याही घरी होते. पण ऑगस्टमध्ये भिंत पाणी पिऊन बसलेली असते. तिच्यावर पुट्टी आणि प्लास्टिक पेंटचा थर म्हणजे ओल आत कोंडणं. दसऱ्यापर्यंत फुगे येतात. सणापुरतं पुसून घ्या, फार तर पडवी-युटिलिटीच्या भिंतीला चुना मारा. चुन्याचा क्षार बुरशीला सोसत नाही आणि भिंतीचा श्वासही अडत नाही. बाहेरचं काम ऑक्टोबर ते मे या काळात, आतला रंग भिंत वाळल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीनंतर. फॉइलची चाचणी तेव्हा पुन्हा करा. मागची बाजू कोरडी निघाल्याशिवाय पेंटरला अ‍ॅडव्हान्स देऊ नका.

खर्च कुणाचा

यावरून दर सर्वसाधारण सभेत भांडणं होतात. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे पावसाची गळती, बाहेरच्या भिंती, गच्ची, सामाईक पाइप आणि ड्रेनेज लाइन यांची दुरुस्ती संस्थेने करायची. संडास, बाथरूम, सिंक यांच्या अंतर्गत गळतीचा खर्च संबंधित फ्लॅटधारकांचा. सेक्रेटरींना फोनवर सांगून काही होत नाही. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि सोबत फोटो जोडा: तारखेसह, एक पावसाळ्यातला आणि एक मे महिन्यातला. मे मधल्या फोटोत भिंत कोरडी असेल तर बाहेरच्या गळतीचा मुद्दा कमिटीला टाळता येत नाही. मेमध्येही ओली असेल आणि आपला किंवा सामाईक पाइप गळत नसेल तर अर्ज वरच्या मजल्यावाल्यांच्या नावाने करा आणि पाणी उभं ठेवायच्या चाचणीची तारीख त्यातच मागून घ्या.